ठसा, साचा आणि झळाळी : कार्निव्हल काचेचा निर्माता कसा ठरवतात

इतिहासाची भौतिक साधने म्हटली की आपल्यासमोर नाणी, ताम्रपट, मृद्भांडी येतात. त्यांच्या मानाने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कारखान्यात तयार झालेली वस्तू सोपी वाटते. कारखान्याला नाव होते, मालक होते, हिशेबाच्या वह्या होत्या; मग वस्तू कोणी केली हे सांगायला अडचण कसली? प्रत्यक्षात अडचण बरीच येते. या टिपणात तिचे एकच उदाहरण सविस्तर पाहू. ते आहे इंद्रधनुषी झळाळीच्या, साच्यात दाबून केलेल्या काचेचे. संग्राहक तिला आज कार्निव्हल काच म्हणतात. ही काच अमेरिकेत सुरू झाली, युरोप आणि ऑस्ट्रेलियात पसरली आणि पुढे आपल्याकडे फिरोजाबादलाही बनली. तिच्या बहुसंख्य नगांवर कोणाचेही नाव नाही. ज्यांच्यावर आहे, त्यांतल्या काहींवर चुकीच्या माणसाचे आहे.

आधी ही काच म्हणजे काय ते पाहू. साबणाच्या फुग्यावर किंवा ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलावर रंग खेळताना दिसतात. ते रंग फुग्यात किंवा तेलात मिसळलेले नसतात. अतिशय पातळ थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परावर्तित झालेले प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, आणि थराच्या जाडीनुसार कधी जांभळा तर कधी हिरवा रंग उठून दिसतो. मातीत शतकानुशतके पडून राहिलेल्या रोमन काचेवर असा थर आपोआप चढतो. एकोणिसाव्या शतकात उत्खननांतून अशी काच मोठ्या प्रमाणावर बाहेर आली, तेव्हा युरोपातल्या काचकारांना ती मुद्दाम घडवण्याची ओढ लागली. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात लोबमायर या पेढीने झळाळीदार काच मांडली होती. पुढे न्यूयॉर्कच्या लुई कम्फर्ट टिफनीने १८९४ मध्ये आपल्या काचेसाठी ‘फावरील’ हे नाव नोंदवले. ती हाताने फुंकलेली, महागडी, श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली वस्तू होती.

कार्निव्हल काच म्हणजे त्या चैनीची कारखान्यातली स्वस्त आवृत्ती. वितळलेल्या काचेचा गोळा लोखंडी साच्यात टाकायचा, वरून दट्ट्या दाबायचा, नग बाहेर काढून कड हवी तशी वळवायची आणि तो तापलेला असतानाच त्यावर धातूंच्या क्षारांचे, मुख्यतः लोह व कथिल यांच्या क्लोराइडांचे, द्रावण फवारायचे. काम दोन मिनिटांचे, पण फवारणाऱ्याच्या नाकातोंडात जाणारी आम्लाची वाफ मात्र वाईट. कामगार या द्रावणाला ‘डोप’ म्हणत. साध्या रंगहीन काचेवर लोहक्षार फवारला की केशरी-सोनेरी छटा येते. तिचे प्रचलित नाव ‘मॅरिगोल्ड’, म्हणजे झेंडू.

अमेरिकेत ही रीत मोठ्या प्रमाणावर प्रथम वापरली ती वेस्ट व्हर्जिनियातील विल्यम्सटाउनच्या फेंटन कारखान्याने. तेथील भट्टी १९०७ च्या जानेवारीत सुरू झाली आणि त्या वर्षाच्या अखेरीपासून झळाळीदार माल निघू लागला. १९०८ मध्ये व्हीलिंगच्या नॉर्थवूड कारखान्याने ‘गोल्डन आयरिस’ या नावाने आपला माल आणला. पाठोपाठ पेन्सिल्व्हेनियातील इंडियाना गावचा डुगन, ओहायोतील बेलेअरचा इम्पीरियल आणि मिलर्सबर्ग हे कारखाने उतरले. साधारण वीस वर्षांत ही लाट ओसरली. ‘कार्निव्हल’ हे नाव त्या काळचे नाही. जत्रांमध्ये बक्षीस म्हणून ही काच वाटली जाई या समजुतीवरून ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संग्राहकांनी रूढ केले. नक्षींची नावेही बहुतेक नंतरचीच आहेत. कारखान्यांत नक्षीला क्रमांक असे. ‘मोर आणि कलश’, ‘मोर कारंज्यापाशी’ असली नावे १९६० पासून मॅरियन हार्टुंग यांच्यासारख्या लेखिकांनी आपल्या पुस्तिकांतून पक्की केली. म्हणून नक्षीचे नाव हा कारखान्याचा पुरावा धरता येत नाही. ती आपली आजची सोय आहे.

एक प्रश्न की तीन?

‘ही काच कोणाची?’ असे विचारताना आपण नकळत तीन प्रश्न एकत्र करतो. साचा कोणी करवून घेतला? त्या साच्यात हा नग कोणी ओतला आणि त्यावर फवारा कोणी मारला? आणि हे कधी घडले? मातीच्या मडक्याच्या बाबतीत तिन्हींचे उत्तर सहसा एकच कुंभार असतो. दाबलेल्या काचेत तसे नसते. लोखंडी साचा हा कारखान्यातला सर्वांत महाग आणि सर्वांत टिकाऊ भाग. कारखाना बुडतो, जळतो, विकला जातो. साचा नव्या मालकाकडे जाऊन पुन्हा काच दाबू लागतो. आणि कारखान्याचे नाव कोरलेले असते ते साच्यात. त्यामुळे नगावर उमटलेले नाव पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. दुसऱ्याचे उत्तर ते देईलच असे नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण इंडियाना गावच्या कारखान्याचे आहे. हॅरी नॉर्थवूड हा इंग्लंडमधील प्रसिद्ध काचकलावंत जॉन नॉर्थवूड याचा मुलगा. अमेरिकेत आल्यावर बरीच ठिकाणे पालथी घालून १८९६ मध्ये तो या गावात स्थिरावला. १८९९ मध्ये हा कारखाना नॅशनल ग्लास या संयुक्त कंपनीत सामील झाला आणि हॅरी बाहेर पडला. त्याचा चुलतभाऊ थॉमस डुगन मात्र तिथेच राहिला. १९०४ पासून कारखाना डुगन ग्लास कंपनी म्हणून चालू लागला, १९१३ नंतर त्याचे नाव डायमंड झाले आणि १९३१ मध्ये तो आगीत संपला. दरम्यान हॅरीने १९०२ मध्ये व्हीलिंगला स्वतंत्र कारखाना काढला होता.

इंडियाना गावात शंखाच्या आकाराच्या एका भांड्याचा साचा होता. मूळचा तो १९०० च्या आगेमागचा. त्यात ‘नॉर्थवूड’ ही अक्षरे वळणदार लिपीत कोरलेली होती. डुगनने पुढे याच साच्यातून भांडी काढून त्यांवर झळाळी चढवली. आज ‘नॉटिलस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भांड्यांपैकी काहींवर नॉर्थवूडची सही स्पष्ट वाचता येते. पण त्यांची झळाळी डुगनची, आणि कडांना दुधी होत जाणारी पीच रंगाची काचही डुगनच्याच भट्टीची खास ओळख. तिथे सही खोटी नाही. ती फक्त दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचली की चुकते.

या घोटाळ्याचा परिणाम एका भांड्यापुरता राहिला नाही. संग्राहकांच्या पहिल्या पिढीला डुगन हे नाव जवळजवळ ठाऊकच नव्हते. व्हीलिंगच्या कारखान्याचा अधोरेखित ‘एन’चा शिक्का सर्वांना माहीत, त्यामुळे शिक्का नसलेला पण साधारण त्याच धर्तीचा माल नॉर्थवूडच्या खात्यात, नाहीतर फेंटनच्या खात्यात जमा होत गेला. एका गावातल्या शेकडो माणसांनी पंचवीसेक वर्षे केलेले काम पुस्तकांमध्ये दुसऱ्या गावाच्या नावावर लागले. हे दुरुस्त झाले ते १९७० च्या दशकात आणि त्यानंतर, जुन्या कारखान्याच्या जागेवरची फुटकी काच खणून काढली गेली तेव्हा. विल्यम हीकॉक या संशोधकाने ते तुकडे आणि त्या काळच्या जाहिराती ताडून पाहिल्या आणि कित्येक नक्षी डुगनच्या म्हणून सिद्ध केल्या.

तुकडे आणि सूचिपत्रे

खणून काढलेला तुकडा हा पुरावा भक्कम वाटतो, पण त्यालाही एक पथ्य आहे. काचेच्या भट्टीत नव्या मिश्रणाबरोबर फुटकी काच टाकतात, कारण तिच्यामुळे मिश्रण लवकर वितळते. ही फुटकी काच कारखाने एकमेकांकडून विकतही घेत. म्हणजे कारखान्याच्या उकिरड्यावर एखाद्या नक्षीचा एकच तुकडा सापडला तर तो शेजारच्या कारखान्याचा भंगारमालही असू शकतो. एकाच नक्षीचे अनेक तुकडे, निरनिराळ्या रंगांत, काही झळाळी न चढवताच फेकलेले असे सापडले तर गोष्ट वेगळी. बिनझळाळीचा अर्धवट नग कोणी विकत घेऊन आणत नाही. आपल्याकडच्या उत्खननांतही एखाद्या ठिकाणी मणी सापडले म्हणजे तिथे मणी बनत होते असे होत नाही. अर्धवट छिद्र पाडलेले मणी आणि छिलके सापडावे लागतात. न्याय तोच.

दुसरे मोठे साधन म्हणजे घाऊक व्यापाऱ्यांची सूचिपत्रे. बटलर ब्रदर्स ही अमेरिकन पेढी गावोगावच्या दुकानदारांना माल पाठवी. तिच्या सूचिपत्रात झळाळीदार भांड्यांची रेखाचित्रे, नगांची संख्या आणि भाव असत; कारखान्याचे नाव मात्र नसे. व्यापारी आपला पुरवठादार कशाला सांगेल? तरीही यातून एक वाट निघाली. हा माल लाकडी पिंपांत भरून थेट कारखान्यातून रवाना होई. म्हणजे एका जाहिरातीत ‘इतक्या नगांचा संच’ म्हणून एकत्र दाखवलेली भांडी साधारणपणे एकाच कारखान्याची. त्या संचातल्या एका भांड्यावर शिक्का असलेला नग आज कुठे मिळाला तर उरलेल्या बिनशिक्क्याच्या भांड्यांचाही धागा लागतो. मला स्वतःला या सगळ्या विषयातली ही युक्ती सर्वांत देखणी वाटते. नाव दडवण्यासाठी केलेल्या कागदातूनच नाव बाहेर येते.

हातात नग असताना

सुरुवात तळापासून करावी. झळाळीचा फवारा वरून आणि बाजूंनी मारला जाई, तळाची कडा बहुधा कोरडी राही. भांडे उलटे करून ती कडा उजेडासमोर धरली की काचेचा मूळ रंग दिसतो. वरून निळेजांभळे दिसणारे भांडे मुळात हिरवे निघू शकते. संग्राहकांच्या भाषेत नगाचा रंग म्हणजे हा मूळ रंग. झळाळी ही वेगळी बाब. या नियमाला झेंडू-रंगाचा अपवाद, कारण तिथे मूळ काच रंगहीन असते आणि रंग फवाऱ्याचाच असतो.

रंगावरून कारखान्याचा अंदाज बांधता येतो, निकाल देता येत नाही. दुधी कडांचा पीच रंग दिसला की डुगन आठवावा. फिकट निळ्या-हिरव्या दुधी काचेवर झळाळी असेल तर बहुधा नॉर्थवूड. हिरव्या काचेवर चांदीसारखी सोनेरी झाक किंवा रंगहीन काचेवर धुरकट करडी छटा ही इम्पीरियलची. लाल रंग मुख्यतः फेंटनचा आणि १९२० च्या दशकातला. मिलर्सबर्गच्या काचेवर आरशासारखी लखलखीत झळाळी असते, तिला ‘रेडियम’ म्हणतात. रेडियम हे तेव्हाचे नवलाईचे मूलद्रव्य. काचेत ते मुळीच नव्हते. हा कारखाना फेंटन बंधूंपैकी जॉनने १९०९ मध्ये काढला आणि १९११ मध्ये तो दिवाळखोरीत गेला. इतक्या कमी आयुष्यामुळे त्याचा माल दुर्मीळ, म्हणून महाग, आणि म्हणूनच ‘ही मिलर्सबर्गची’ असे म्हणण्याचा विक्रेत्यांना मोह फार.

आकारावर फारसे विसंबू नये. एका साच्यातून निघालेले भांडे गरम असताना त्याची कड चुणीदार करता येते, सरळ ठेवता येते, आत वळवता येते. फुलदाणी तर चिमट्यात धरून झोके देत लांबवत. त्यामुळे एकाच साच्यातल्या दोन फुलदाण्यांची उंची दुपटीने वेगळी असू शकते. ताणला जातो तो वरचा भाग. तळ साच्यातून निघाला तसाच राहतो. म्हणून फुलदाणीच्या नोंदीत उंचीपेक्षा तळाचा व्यास महत्त्वाचा.

नक्षीची तुलना करताना मुख्य चित्र सोडून द्यावे आणि बारीकसारीक गोष्टी मोजाव्यात. मोर आणि कलश ही नक्षी फेंटन, नॉर्थवूड आणि मिलर्सबर्ग या तिघांनीही काढली. तिन्हींत मोर तोच, ऐटही तीच. फरक कलशावरच्या मण्यांत आहे. नॉर्थवूडच्या कलशावर त्यांच्या तीन ओळी आहेत. फेंटनच्या भांड्याच्या बाहेरच्या अंगाला बोरांची एक वेगळी नक्षी असते. ‘मोर कारंज्यापाशी’ ही तर नॉर्थवूडची गाजलेली नक्षी. पण तिची जवळजवळ हुबेहूब सुरई आणि पेले डुगन-डायमंडनेही विकले. चुलतभावांच्या कारखान्यांत असले उसनवारीचे व्यवहार चालत, संमतीने की संमतीशिवाय हा प्रश्न वेगळा.

पुन्हा सुरू झालेले साचे

१९६० च्या दशकात संग्रहाची हौस वाढली, भाव चढले आणि जुने साचे कपाटांतून बाहेर निघाले. इम्पीरियलने आपल्याच साच्यांतून नवी कार्निव्हल काच काढली, पण त्यांवर ‘आयजी’ ही जोडाक्षरे उमटवली. कंपनीची मालकी बदलत गेली तशी त्यांत आधी ‘एल’ आणि मग ‘ए’ व ‘एल’ अशी भर पडली. १९८४ मध्ये कारखाना बंद झाला. म्हणजे एकाच नक्षीवरच्या अक्षरांवरून नगाची दशवार कालनिश्चिती करता येते. फेंटनने १९७० पासून आपल्या कार्निव्हल काचेवर लंबगोलात नाव उमटवायला सुरुवात केली, आणि पुढे १९८० च्या दशकासाठी ८, १९९० च्या दशकासाठी ९ असा आकडा त्यात घातला.

इथे नवख्या माणसाची नेमकी उलटी फसगत होते. नाव दिसले की त्याला नग अस्सल आणि जुना वाटतो. फेंटनच्या बाबतीत लंबगोलातले नाव म्हणजे नग १९७० नंतरचा. त्यांच्या सुरुवातीच्या मालावर साच्यातले नाव नसे. फार तर कागदी चिकटपट्टी असे आणि ती पहिल्या धुण्यातच जाई.

फसवणुकीच्या दोन जागा लक्षात ठेवाव्यात. एल. जी. राइट या व्यापारी पेढीने डुगन-डायमंडचे बरेच साचे विकत घेतले होते आणि ती इतर कारखान्यांकडून त्यांतून माल करवून घेई. तिच्या काही नगांवरचा शिक्का असा आहे की घाईत पाहिला तर वर्तुळातला अधोरेखित ‘एन’ वाटतो. नीट पाहिले की डाव्या बाजूला जास्तीची रेघ दिसते आणि अक्षर ‘डब्ल्यू’कडे झुकते. दुसरी जागा म्हणजे घासलेला तळ. नव्या नगावरचा शिक्का घासून काढून तो जुना म्हणून विकण्याचे प्रकार झाले आहेत. तळाच्या मधोमध झळाळी नसलेला, किंचित खोलगट, गुळगुळीत ठिपका असेल तर तिथे पूर्वी काय होते हे विचारलेच पाहिजे. उलट, तळाच्या कडेवर वेगवेगळ्या दिशांनी गेलेले बारीक ओरखडे असतील तर ते वर्षानुवर्षांच्या वापराचे लक्षण. सगळे ओरखडे एकाच दिशेचे असतील तर बहुधा वाळूचा कागद.

समुद्रापलीकडचे साचे

युरोपात गेल्यावर पहिल्या आणि दुसऱ्या प्रश्नातले अंतर आणखी वाढते. इंग्लंडमधील गेट्सहेडच्या सॉवरबी कारखान्याने १८७६ मध्ये मोराच्या डोक्याचे व्यापारचिन्ह नोंदवले होते. १९२० च्या दशकात अमेरिकन झळाळीची मागणी वाढली तेव्हा त्याने व्हिक्टोरियन काळातले काही जुने साचे बाहेर काढले आणि त्यांतला माल फवारला. अशा नगाचा आकार एकोणिसाव्या शतकातला, झळाळी विसाव्या शतकातली. जर्मनीत माइसेनजवळच्या ब्रॉकविट्झ कारखान्याची गुलाबांची नक्षी स्वीडनच्या एडा कारखान्यातही निघाली. अशा वेळी नक्षी ओळखून काम भागत नाही. कडेचे वळण, काचेचा रंग आणि दोन्ही कारखान्यांच्या सूचिपत्रांतली मापे जुळवावी लागतात. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या क्राउन क्रिस्टल कारखान्याने कांगारू, कुकाबरा, एमू अशा स्थानिक प्राण्यापक्ष्यांच्या नक्षी काढल्या. त्या ओळखायला सोप्या, कारण असा पक्षी ओहायोत कोणी कोरला नसता.

फिरोजाबाद

भारताला या विषयाच्या पुस्तकांत १९९० च्या दशकापर्यंत फारसे स्थान नव्हते. तोवर भारतातून बाहेर गेलेल्या झेंडू-रंगाच्या पातळ पेल्यांना आणि फुलदाण्यांना संग्राहक घर शोधत होते. माशाच्या आकाराची फुलदाणी, हत्तीच्या सोंडेची फुलदाणी, कळस धरलेल्या हाताच्या पंजासारखी फुलदाणी हे त्यांतले लक्षवेधी प्रकार. काही पेल्यांवर रोमन अक्षरांत ‘जैन’ असे साच्यातूनच उमटलेले आहे. हे नाव उत्तर प्रदेशातील फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सचे. शेठ छदामीलाल जैन यांचा हा कारखाना. फिरोजाबादचे प्रसिद्ध जैन मंदिरही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्याच गावातल्या इतरही कारखान्यांनी असा माल काढला.

हा माल अमेरिकन मालापासून वेगळा कसा करायचा? त्यासाठी नावाचीही गरज लागत नाही, बोट पुरते. दाबलेल्या काचेत आतला पृष्ठभाग दट्ट्याने घडतो, म्हणून बाहेर नक्षी असली तरी आतून भिंत गुळगुळीत लागते. साच्यात फुंकलेल्या काचेत दट्ट्या नसतो. हवेने काच साच्याला चिकटते, म्हणून बाहेर जिथे उंचवटा तिथे आत खळगा लागतो. फिरोजाबादचे पेले आणि सुरया बऱ्याच अंशी या दुसऱ्या प्रकारच्या आहेत. त्या हलक्या, पातळ, काचेत बुडबुडे राहिलेल्या. अमेरिकन भांड्याच्या वजनाची सवय झालेल्या माणसाला त्या कच्च्या वाटतात. तो कच्चेपणा नव्हे. फुंकणीवर चालणाऱ्या गावाचे ते कसब आहे.

या मालाची लेखी साधने का कमी पडतात हेही समजून घ्यायला हवे. भारतात काचेचा माल आधी मुख्यतः ऑस्ट्रियाकडून, पहिल्या महायुद्धानंतर जपान आणि चेकोस्लोव्हाकियाकडून येई. स्वदेशीच्या काळात देशी कारखाने उभे राहिले. महाराष्ट्रात पैसा फंडातून तळेगावला १९०८ मध्ये काच कारखाना निघाला, आणि तिथे शिकलेले कारागीर पुढे देशभरच्या कारखान्यांत गेले. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला टॅरिफ बोर्डाने काच उद्योगाची चौकशी करून संरक्षणाची शिफारस केली. सोडा ॲश परदेशातून आणावी लागते या कारणावरून सरकारने १९३५ मध्ये ती फेटाळली. अशा अहवालांत भट्ट्या, कामगार, बांगड्या, कंदिलाच्या काचा, बाटल्या यांची चर्चा मिळते. माशाच्या फुलदाणीची नक्षी त्यांत असण्याचे कारण नव्हते. बटलर ब्रदर्ससारखी सचित्र सूचिपत्रे इथे हाताशी नाहीत. म्हणून फिरोजाबादच्या बाबतीत वस्तू हेच पहिले साधन, आणि ‘जैन’ उमटलेले मोजके पेले हे मोजमापाचे खुंटे. त्यांच्याशी काचेची जाडी, तळाची घडण, झळाळीची छटा, नक्षीतली फुले आणि रेषा जुळल्या तर बिननावाचा नग त्या गावाजवळ नेता येतो. त्याच गावातल्या नेमक्या कोणत्या भट्टीचा हे सांगायला मात्र तेवढा पुरावा पुरत नाही, कारण एका गावात साचे, कारागीर आणि कल्पना सहज इकडून तिकडे जातात.

नाव उमटलेल्या वस्तूबद्दलची सावधगिरी आपल्या घरातल्या एका जुन्या वस्तूवरूनही कळेल. ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील अजून काही घरांत टिकून आहे. त्याच्या धातूवरचे नाव खरे आहे. पण त्यावरची काच मूळची आहे असे नावावरून म्हणता येत नाही. कंदिलाची काच फुटते आणि बाजारातून मिळेल ती बसवली जाते.

विद्यार्थ्यांनी असा एखादा नग नोंदवायचा झाला तर पुढील गोष्टी लिहाव्यात : तळाचा व्यास आणि वजन, तळाच्या कडेचा उजेडातला रंग, आतली भिंत गुळगुळीत की नक्षीनुसार खालीवर, साच्याच्या जोडरेषा किती, अक्षरे असल्यास ती कशी आणि कुठे. जोडरेषा बोटाने मोजता येतात. त्यांची संख्या म्हणजे साचा किती पाकळ्यांचा होता ते. वस्तू कोणाच्या घरात, कोणत्या गावी आणि कशी आली हेही विचारावे. लग्नात आली, यात्रेत घेतली, बदलीच्या गावाहून आणली अशी उत्तरे मिळतात आणि ती व्यापाराच्या वाटा सांगतात. नोंद होईपर्यंत नग घासून धुऊ नये. फवाऱ्याचा थर पातळ असतो, आणि खरखरीत पूड किंवा तीव्र आम्ल लागले की आधी तोच जातो.